वस्ताद आणि बियांची पूड

वस्तादांबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं, असं आमची ही म्हणाली. कुणीतरी म्हणजे कोण, तर घरात रिकामा मी एकटाच. माझा हात पान्याला सरावलेला. आयुष्यभर मिक्सर दुरुस्त केले, आणि लिहिलं ते फक्त गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांवर. पण जे डोळ्यांसमोर घडलं ते सांगायला फारशी विद्या लागत नसावी. कुठे घसरलो तर सांभाळून घ्या.

माझं दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. उभं राहिलं की डोकं पायरीला लागतं, म्हणून गिऱ्हाईक बाहेर आणि मी आत, अशी वाटणी. शेजारी पाळणाघर आहे. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या दाराला लागूनच, त्यामुळे आत काय शिजतंय ते मला नाकाने कळतं आणि कोण कुणाला काय म्हणालं ते कानाने. मी मुद्दाम ऐकत नाही. पण वस्ताद बोलतात तेव्हा न ऐकण्याची सोय नसते.

वस्तादांची सगळी हयात एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये गेली. तिथे ते मुख्य आचारी. वल्ह्याएवढं उलथनं, बसून आंघोळ करता येईल अशी पातेली, आणि वर यंत्रांची घरघर. त्या घरघरीवर मात करायची म्हणून आवाज जो चढला तो पुढे उतरलाच नाही. पाळणाघरात त्यांनी कुजबुज केली तरी झोपलेली मुलं उठून बसायची. "वस्ताद" हे नाव कँटीनमधलंच. मुलांना ते पेलायचं नाही, ती म्हणायची "ताद".

कारखाना दुसरीकडे गेला आणि वस्ताद घरी बसले. घरी बसले म्हणजे वहिनींच्या स्वयंपाकघरात बसले. वहिनींचा जीव मेटाकुटीला आला.

"दोघांपुरता भात लावा म्हटलं," त्या आमच्या हिला सांगत होत्या, "तर वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत वाटून उरला. वर मलाच विचारतात, तुला मोजता येत नाही का, वाटी कुठली दिलीस."

पाळणाघराला आचारी हवा आहे हे कळल्यावर वहिनींनीच नवऱ्याला तिथे नेऊन उभं केलं. वस्ताद थोडे नाखूश होते. "दोन खोल्या पोरं," ते मला म्हणाले. "म्हणजे आमच्या कँटीनची एक परात. त्यात काय करायचंय?"

काय करायचंय ते त्यांना पहिल्याच दिवशी समजलं.

त्या दिवशी त्यांनी मऊ भात केला, भाजीचं दाट सूप केलं, आणि ताटल्या मांडून झाल्यावर वरून भाजलेल्या भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया भुरभुरल्या. कँटीनची सवय. ताट समोर आलं की दिसलं पाहिजे, ही त्यांची शिकवण. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाई तेवढ्यात आत आल्या. बाई अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक, पण त्या बोलल्या की काम थांबतं.

"वस्ताद, हे वर काय घातलंत?"

"ताकद आहे ती, बाई. बी म्हणजे काय, अख्खं झाड असतं आत."

"खरं आहे. पण ते झाड पोटात जायच्या आधी घशात अडकलं तर?"

बाईंनी जवळच्या एका मुलाला "आ कर" म्हटलं आणि वस्तादांना वाकून बघायला लावलं. पुढे पांढरे दात, मागे नुसत्या गुलाबी हिरड्या.

"पुढचे दात तोडायचे. चावायच्या त्या दाढा. आहेत का कुठे?"

"नाहीत," वस्ताद म्हणाले.

"मग बी चावणार कशाने? ती तशीच मागे सरकते. नेमकं तेव्हाच मूल हसलं किंवा रडलं, की गेली श्वासनळीत."

मुलं ताटल्यांसमोर चमचे आपटत होती. वस्तादांनी सगळ्या ताटल्या परत घेतल्या आणि आपल्या जाडजूड बोटांनी एकेक बी वेचून काढत बसले. तेवढ्यावरही समाधान होईना, म्हणून तो भात बाजूला ठेवून नवा केला. संध्याकाळी माझ्या दारात येऊन बसले तेव्हा आवाज चक्क माणसासारखा होता.

"आयुष्यभर दाढा असलेल्यांना जेवू घातलं हो," ते म्हणाले. "कुणाच्या तोंडात काय आहे हे बघायची वेळच आली नाही."

मला वाटलं, आता बिया संपल्या. पण बाईंनी बिया बंद करा असं म्हटलंच नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, पूड करा. आणि त्यापुढचं सगळं त्यांनी जवळ बसून शिकवलं, वस्तादांनीही शाळेत घातल्यासारखं शिकून घेतलं. रोज संध्याकाळी ते मला धडा म्हणून दाखवायचे, मला हवा असो नसो. बिया नुसत्या भाजायच्या, मीठ लावायचं नाही. बारीक दळायच्या, चाळायच्या, आणि ती पूड पेजेत, दह्यात नाहीतर कुस्करलेल्या केळ्यात पुरती कालवायची, कारण कोरडी पूडसुद्धा ठसका लावते. अगदी धाकट्यांना चिमूटभर, थोरल्यांना छोटा चमचा. जवस एकदम दळून ठेवायचा नाही, तो लवकर खवट होतो. सब्जासारखं फुगणारं बी असेल तर ते आधी भरपूर पाण्यात पुरतं फुगू द्यायचं. "त्याला जेवढं फुगायचं ते भांड्यात फुगू दे," हे वस्तादांचं त्यावरचं भाष्य.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे एका वेळी एकच नवं बी. तेही सकाळी, म्हणजे काही झालंच तर मूल दिवसभर डोळ्यांसमोर असतं. मग काही दिवस दुसरं नवं काही नाही. कारण काही बिया काही मुलांना सोसत नाहीत, अंगावर उठतं, ओठ सुजतात, क्वचित त्याहून वाईट होतं. एकच बी दिलं असेल तर दोषी कोण ते लगेच कळतं.

मुलं बसूनच जेवली पाहिजेत, पळता पळता नाही, लोळत नाही, आणि जेवताना त्यांना हसवायचं नाही, हेही होतंच. या शेवटच्या नियमाने मात्र वस्तादांची पंचाईत केली. त्यांचा चेहरा पाहिला तरी मुलं खिदळायची. शेवटी बाईंनी तोडगा काढला, जेवण सुरू झालं की वस्तादांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी खिडकीतून पाहिलंय. एवढा मोठा माणूस, शिक्षा झाल्यासारखा कोपऱ्यात उभा, आणि मागे सगळी पोरं मुकाट्याने जेवतायत.

एक गृहस्थ मुलाला सोडायला आले की रोज म्हणायचे, "काय वस्ताद, जरा हात सैल सोडा की. अर्धी वाटी घाला. वजन वाढू दे पोराचं."

"पी हळद नि हो गोरी असं नसतं, साहेब," वस्ताद म्हणायचे. "पोट आहे ते, गोदाम नाही."

मिक्सर माझ्याकडेच असायचा दुरुस्तीला. पातं जरा बोथट झालं की वस्ताद हजर. पुडीत एक कण राहिलेला त्यांना चालत नसे. चाळणीवर जो कोंडा उरे तो स्वतः खायचे. वहिनी म्हणाल्या, "वजन वाढलंय खरं, पण पोरांचं नाही, यांचं."

आता टिकलीबद्दल सांगतो. टिकली म्हणजे आमच्या गल्लीतल्या पडदेवालीची मुलगी. एवढीशी होती म्हणून सगळे टिकलीच म्हणायचे. आईचं पडदे शिवायचं दुकान आमच्या समोरच्या रांगेत. बाप बोटीवर कामाला, महिनोन्‌महिने बाहेर. टिकली पाळणाघराच्या धाकट्या खोलीत होती. नुकती चालायला लागलेली, आणि खाण्याच्या नावाने शंख. चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. वस्तादांचा तिच्यावर विशेष जीव, कारण स्वयंपाक्याला न खाणाऱ्या माणसाचीच जास्त काळजी. तिच्यासाठी पेज वेगळी, केळं वेगळं कुस्करलेलं. ती दोन घास जास्त खायची त्या दिवशी आमच्या दारात वस्तादांचं हसणं जिन्यावर वरपर्यंत ऐकू जायचं.

एका गुरुवारी सकाळी टिकलीला भोपळ्याच्या बियांची पूड पहिल्यांदा दिली. बाईंच्या नियमाप्रमाणे चिमूटभर, पेजेत. पोरीने चक्क वाटी संपवली. आणि थोड्या वेळाने तिच्या तोंडाभोवती लाल गांधी उठल्या, मग मानेवर, वरचा ओठ सुजला.

बाई घाबरल्या नाहीत. निदान दिसल्या नाहीत. त्यांनी टिकलीला उचललं, हाताखालच्या एकीला पडदेवालीकडे पिटाळलं, आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाल्या. वस्ताद ॲप्रनवरच मागे धावले. टिकलीची आई मधेच येऊन मिळाली, गळ्यात टेप तसाच.

औषध दिल्यावर गांधी उतरल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला बराच वेळ समोर बसवून ठेवलं आणि वस्तादांना विचारलं, "वाटीत काय काय होतं?"

"तांदळाची पेज, आणि भोपळ्याच्या बिया. बिया आज पहिल्यांदाच."

"दुसरं काही? तीळ, दाणे, दूध, अंडं? आठवून सांगा."

"नाही. तिच्या वाटीत मी स्वतः घातलं. फक्त भोपळ्याच्या बिया."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग सध्या भोपळ्याच्या बिया पूर्ण बंद. जरा दिवस जाऊ देत, नीट तपासणी करू, म्हणजे खात्री होईल. बाहेर आल्यावर वस्तादांना पडदेवालीकडे बघवेना. पण ती शांत होती.

"तुमचं काय चुकलं, वस्ताद," ती म्हणाली. "तुम्ही होता म्हणून एकच बी दिलं गेलं, आणि काय सोसत नाही ते कळलं. मी असते तर चार गोष्टी एकदम दिल्या असत्या." मग मुलीचं नाक पुसत म्हणाली, "भोपळा नाही तर नाही. तिचा बाप रविवारी येतोय. त्याला तीळ लावलेला पाव लागतो. आता तिलाही चाखवते, बापलेक मिळून खातील."

हे सगळं वस्तादांनी त्याच संध्याकाळी मला सांगितलं. त्यांना बरं वाटत होतं आणि वाईटही. पोर सुखरूप आहे म्हणून बरं, आणि एवढं चांगलं बी तिला सोसू नये म्हणून वाईट.

शनिवारी दुपारी ते मिक्सरचं भांडं घेऊन आले. खालून गळत होतं. पाळणाघर शनिवारी लवकर सुटतं, म्हणून त्यांना घाई नव्हती. ते बाहेरच्या स्टुलावर बसले, मी आत भांडं उलटं करून पातं सोडवायला लागलो. पात्याखालचा वायसर फाटला होता. त्याच्या कडेला पांढरट, तेलकट थर बसला होता, घट्ट झालेला. मी नखाने खरवडून वास घेतला.

"तीळ बसलाय इथे," मी म्हटलं.

"बसणारच. तीळ म्हणजे चिकट जात. थोरल्यांच्या भाजीत घालतो ना मी."

"मग धुता कसं हे? ब्रश आत जात नाही."

वस्ताद खुशीत आले. धंद्यातली युक्ती सांगायला मिळाली की त्यांचा चेहरा उजळतो. "धुवायचं कशाला मधेच? कँटीनची विद्या आहे. तेलकट बिया आधी दळायच्या, आणि लगेच मागून कोरड्या बिया फिरवायच्या. भांड्याला लागलेला तीळ त्या कोरड्या बिया आपोआप पुसून घेतात. भांडं लख्ख, आणि वाया काही जात नाही. मी नेहमी आधी तीळ करतो आणि मागून भोपळ्याच्या..."

ते थांबले.

मला आधी कळलंच नाही. मी पात्यातच होतो. वर पाहिलं तर वस्ताद स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"गुरुवारी थोरल्यांना तीळ होता," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं. "आधी तीळ केला. मग त्याच भांड्यात टिकलीसाठी भोपळ्याच्या."

मी पाना खाली ठेवला.

"म्हणजे तिच्या वाटीत तीळ होता. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, नव्हता. शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलं."

"कदाचित भोपळ्यानेच झालं असेल," मी म्हटलं. मला धीर द्यायचा होता. "एवढ्याशा तिळाने काय होतंय."

"कदाचित भोपळ्याने. कदाचित तिळाने. पण त्या माऊलीला वाटतंय की तीळ निर्धोक आहे. आणि उद्या रविवार आहे."

ते उठले. मी म्हटलं, आधी मोठ्या बाईंच्या कानावर घालू, त्या काय ते सांगतील. मला वाटत होतं, या माणसाची नोकरी जाईल. पाळणाघरात मूल सोडणारे आईबाप बिचकलेले असतात, दुधाने तोंड भाजलं की ताकही फुंकून पितात. आचाऱ्याकडून असं झालं हे फुटलं तर बाईंना त्याला ठेवणं अवघड. हे मी अर्धंमुर्धं बोललोही.

"बाईंना सांगतोच," वस्ताद म्हणाले. "पण त्या बहिणीकडे गेल्यात, संध्याकाळी येतील. तोवर पोरीच्या तोंडात पाव गेला तर? तुम्ही चला बरोबर. मला एकट्याला नीट सांगता येणार नाही, मी ओरडतो."

मी दुकानाला कडी घातली. मधे रस्ता तेवढा होता, पण वस्ताद असे चालत होते जणू पाय दुसऱ्याचे आहेत.

पडदेवाली मशीनवर होती. दुकान म्हणजे कापडाचे तागे आणि त्यांच्यामधून वाट. टिकली टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून एकेक चिंधी बाहेर भिरकावत होती. खुर्चीच्या पाठीला एक पिशवी लटकत होती, आणि तिच्यातून पावांची टोकं दिसत होती, वर तीळ. अजून कागदही सुटलेला नव्हता. वस्तादांनी ती पाहिली आणि त्यांचा श्वास मला ऐकू आला.

"या वस्ताद. काका, तुम्हीपण?" ती मला म्हणाली. "पडदे शिवायचेत की काय जिन्याखाली?"

"ते पाव तिला दिलेत का?" वस्तादांनी विचारलं.

"अजून नाही. उद्यासाठी आणलेत. का?"

मग त्यांनी सांगितलं. कँटीनची युक्ती, आधी तीळ, मागून भोपळा, एकच भांडं, सगळं. स्वतःची बाजू अशी कुठेच घेतली नाही. मी मधे एकदा "भांडंही गळकं होतं" असं म्हणायला गेलो, तर त्यांनीच मला हाताने थांबवलं. "भांड्याचं काही नाही. भांडं मी वापरलं."

मशीन थांबलं होतं. पडदेवाली ऐकत असताना तिच्या बोटांमधली टाचणी जिथल्या तिथे होती.

"त्या दिवशी मी तुमचे आभार मानले," ती म्हणाली.

"हो."

"भर रस्त्यात. आणि आज मी तीळ घेऊन आले, कारण तुम्ही म्हणालात तिच्या वाटीत तीळ नव्हता."

"हो."

"हो हो काय करताय नुसते," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "मी उद्या तिला मांडीवर घेऊन भरवणार होते. तिच्या बापासमोर."

टिकली टेबलाखालून बाहेर आली, आणि "ताद" म्हणून त्यांचा पायजमा धरून उभी राहिली. त्यांनी तिला उचललं नाही. उचलायची परवानगी आहे की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं मला वाटतं.

पडदेवालीने पिशवी काढली आणि वस्तादांच्या हातात दिली. "न्या हे. माझ्या घरात नको." मग मुलीला उचलून घेतलं, आणि आमच्याकडे पाठ केली. आम्ही निघालो.

संध्याकाळी वस्ताद बाईंकडेही गेले. तिथे मी नव्हतो. मला जे कळलं ते वहिनींकडून.

"बाई काय म्हणाल्या ते सांगतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणतात, सोमवारी यायचं, पण बिया कुठल्याच नाहीत. आणि बाई सगळ्यांच्या आईबापांना बोलावून स्वतः सांगणार आहेत. मी यांना म्हटलं, अहो, गप्प राहिला असता तर कुत्र्यानेही विचारलं नसतं. तर मला म्हणतात, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला लग्नाच्या दिवसापासून माहीत आहे." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "बरं केलं म्हणा. रात्रभर कूस बदलत मलाच झोपू दिलं नसतं."

पुढचे दिवस वाईट गेले. आईबापांच्या बैठकीत दोघं-तिघं बरंच बोलले, आणि अर्धी वाटी मागणारे गृहस्थ सगळ्यांत जास्त. बाईंनी ऐकून घेतलं. चूक स्वयंपाकघराची म्हणजे माझी, असं म्हणाल्या. आचारी बदलायचा असेल तर तसं सांगा, पण चूक आपल्या तोंडाने सांगणारा आचारी मला पुन्हा मिळेल याची खात्री मी देत नाही, असंही म्हणाल्या. निकाल मात्र लागला नाही. ज्यांचं मूल, त्यांनी ठरवावं, असं ठरलं. म्हणजे पडदेवालीने. आणि पडदेवाली त्या बैठकीला आलीच नव्हती. टिकली दुकानातच चिंध्यांत खेळत होती. समोरच्या रांगेतून तिचं रडणं आलं की खिडकीतला उलथन्याचा आवाज थांबायचा.

टिकलीची तपासणी झाली ती बाप घरी असतानाच. डॉक्टरीणबाईंना वस्तादांनी शनिवारीच सगळं कळवलं होतं, त्यामुळे त्यांनी दोन्ही तपासायला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. हातावर थेंब ठेवून, जरासं टोचून बघतात म्हणे. तिळाच्या थेंबाखाली मोठी गांधी उठली. भोपळ्याच्या जागी काही नाही. मग तिथेच, डॉक्टरांच्या समोर, भोपळ्याच्या पुडीचा कण, मग थोडी, मग आणखी थोडी असं करत दिली आणि बराच वेळ बसवून ठेवलं. पोरीला काही झालं नाही. उलट आणखी मागितली, असं बाप सांगत होता. तीळ मात्र कटाक्षाने बंद, आणि जवळ ठेवायचं औषध दिलं, ते कसं द्यायचं हे पाळणाघरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा म्हणाले.

तो बापच हे सांगायला माझ्या दुकानाशी आला होता. उंच, उन्हाने रापलेला माणूस. वस्ताद खिडकीत होते. त्याने तिकडे पाहिलं, आणि म्हणाला, "मी बोटीवर असतो. तिथे एकाची चूक दुसऱ्याला कळली नाही तर सगळे बुडतात. बायकोला सांगितलंय मी. पण ठरवेल तीच." आणि गेला.

ती आली त्यानंतरच्या सोमवारी. टिकलीला कडेवर घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरली. मी खिडकीच्या बाजूला होतो, आणि या वेळी मी मुद्दाम ऐकलं.

"तीळ कुठे ठेवता?"

"नाही ठेवत," वस्ताद म्हणाले. "बाईंनी स्वयंपाकघरातूनच काढून टाकला. थोरल्यांनाही नाही."

"भांडं?"

"नवं. ते जुनं मिक्सरवाल्यांनी मोडीत काढलं. हे फक्त भोपळ्याचं. सूर्यफुलाचं वेगळं आहे, जवसाचं वेगळं. प्रत्येकाची चाळणीही वेगळी. या अटीवरच बाईंनी बिया परत सुरू करू दिल्या."

"आणि कँटीनची विद्या?"

"ती कँटीनमध्ये," वस्ताद म्हणाले.

ती हसली नाही. "मी इथे उभी राहणार," म्हणाली. "भाजण्यापासून भरवण्यापर्यंत. रोज."

"राहा की. स्टूल देऊ?"

"नको. उभीच बरी."

आणि ती खरंच उभी राहिली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ती दाराच्या चौकटीला टेकून बघत असायची. वस्ताद तिच्यासमोर भांडं उघडून दाखवायचे, धुवायचे, कोरडं करायचे, बिया निवडायचे, भाजायचे, दळायचे, चाळायचे. बोलणं फार नाही. कधीतरी ती म्हणायची, "तिथे कडेला राहिलंय," आणि ते पुन्हा धुवायचे. कधी ते म्हणायचे, "हात लावून बघा," आणि ती पूड बोटात घेऊन चोळून बघायची, खडा लागतो का. दळताना खिडकीतून भाजलेल्या बियांचा गोडसर वास माझ्या दुकानात भरायचा. सुरुवातीला मला वाटलं, वस्तादांना हे अपमानाचं वाटत असेल. म्हणून एकदा हळूच विचारलं.

"अपमान कसला," ते म्हणाले. "कँटीनमध्ये एवढी माणसं जेवली, एकानेही कधी मी काय करतो ते उभं राहून बघितलं नाही. ही बघते. बरं वाटतं."

हळूहळू ती बोलायला लागली. पडद्याचं कापड कसं धुतल्यावर आखूड होतं, पोरगी झोपेत काय बडबडते, बोटीवरून फोन आला की नाही. वस्ताद भाजता भाजता हुं हुं करायचे. एकदा तिने त्यांनाच विचारलं, की घरी भोपळ्याच्या बिया दळायच्या तर आमच्या मिक्सरमध्ये पूर्वी तीळ झालाय, काय करू. त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी पातं, वायसर बदलत बसण्यापेक्षा भांडंच नवं दिलं. जुन्यावर भरवसा नको म्हटलं.

टिकलीच्या खाण्याच्या नावाने अजून पुरता शंख बंद झालेला नाही. पण पेजेत भोपळ्याची पूड असली की ती वाटी धरून बसते. तिला आता मागे दाढांची टोकं आली आहेत. वस्तादांनी मला बोलावून दाखवली. एवढा आनंद त्यांना स्वतःला आलेल्या दाढांचाही झाला नसेल. तरी बिया पूडच. अख्ख्या द्यायला अजून बरीच वर्षं आहेत, असं बाईंनी सांगून ठेवलंय.

परवा सकाळी मी दुकानाची कडी काढत होतो. पडदेवाली आली, टिकली हाताला धरून चालत होती. ती स्वयंपाकघराच्या दाराशी थांबली नाही. उंबऱ्यावरच मुलीला आत सोडलं, "वस्ताद, आज गिऱ्हाईक लवकर येणार आहे, जाते मी," एवढं म्हणाली, आणि रस्ता ओलांडून दुकानाचं शटर वर करायला लागली.

वस्ताद खिडकीत आले. तिच्या दुकानाकडे बघत थोडा वेळ उभे राहिले.

"आज थांबली नाही," ते मला म्हणाले.

"काम असेल," मी म्हटलं.

"हं," ते म्हणाले. आणि आत जाऊन भांडं धुवायला घेतलं. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.